माणसाचे तात्पर्य

एकत्र कुटुंबातील तंटे बारकाईने पाहिले तर असे आढळेल की, त्यांत कृतीविषयीचे थोडे आणि हेतूविषयीचे फार असतात. धाकट्या सुनेने पाहुण्यांपुढे चहा उशिरा आणला, एवढीच गोष्ट असती तर ती घटकाभरात विरून गेली असती. परंतु 'तिने मुद्दाम उशीर केला' हे वाक्य स्वयंपाकघरातून माजघरात व माजघरातून ओसरीवर गेले म्हणजे ती चहाची गोष्ट राहत नाही. थोरल्या भावाने वाटणीचा विषय काढला, की 'ह्याच्या मनात हे पूर्वीपासूनच होते'. मुलाने पुण्याची नोकरी धरली, की 'आईबापांचे करावयास नको म्हणून'. कृती सर्वांस दिसते, हेतू कोणासच दिसत नाही. आणि तरीही हेतूविषयी आपण जितक्या खात्रीने बोलतो तितक्या खात्रीने कृतीविषयीसुद्धा बोलत नाही. म्हणून ह्या महिन्यात, माणूस कशामुळे प्रवृत्त होतो हे ओळखावे कसे, ह्याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

इच्छेवाचून किंवा प्रयोजनावाचून मनुष्याचे कर्म संभवत नाही, ह्याविषयी मनू काय आणि मीमांसक कुमारिलभट्ट काय, दोघांचेही मत एकच आहे. तेव्हा हेतू आहे की नाही हा वाद नाहीच. तो कोणता आहे हे ठरवावयाचे आहे. ह्या कामी आपल्याच परंपरेतील एक साधन फार उपयोगी पडेल असे मला वाटते. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे ह्यासाठी मीमांसकांनी काही गमके सांगून ठेविली आहेत. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त गीतेचे तात्पर्य ठरविताना त्यांचाच आधार घेतला आहे.

ती गमके अशी. ग्रंथाचा उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, पाहावा. त्यात पुनःपुन्हा काय सांगितले आहे, म्हणजे 'अभ्यास' कशाचा आहे, हे पाहावे. इतरत्र नाही असे नवे काय सांगितले, ही 'अपूर्वता'. त्यातून निष्पन्न काय होते, हे 'फल'. प्रसंगोपात्त केलेली स्तुती किंवा निंदा हा 'अर्थवाद'. तो मुख्य सिद्धान्त समजून चालू नये, मुख्य गोष्टीस पोषक एवढेच त्याचे मोल. आणि शेवटी 'उपपत्ती', म्हणजे काढलेला अर्थ युक्तीस धरून बसतो की नाही. ग्रंथाच्या बाबतीत एवढी सावधगिरी घेणारा पंडित घरी आल्यावर मात्र भावजयीचे तात्पर्य तिच्या एका वाक्यावरून ठरवितो! ग्रंथास जो न्याय लावावयाचा तो माणसास का लावू नये?

उदाहरणासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचे घर घेऊ. १८७३ साली त्यांच्या प्रथम पत्नी वारल्या. विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढारी होते. तेव्हा आता ते स्वतः विधवेशी विवाह करतील, अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा आणि वडील गोविंदराव ह्यांची भीती होती. वडिलांनी घाईने देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगी पसंत केली, आणि त्याच वर्षी एकतीस वर्षांच्या माधवरावांचा विवाह अकरा वर्षांच्या मुलीशी झाला. त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. बोलणे एक आणि करणे एक, असे लोकांनी म्हटले. आणि केवळ त्या एका दिवसापुरते पाहिले तर ते म्हणणे खोटे होते असेही नाही.

परंतु आता गमके लावून पाहा. प्रथम वडिलांकडे पाहू. त्यांचा हेतू मुलाची फजिती करण्याचा होता काय? मुलगा जातीबाहेर पडेल व घर विस्कटेल, ह्या भयाने ते ग्रासले होते; आणि ज्यावर जीव असतो त्याच्याविषयीच असे भय वाटते. भय आणि ममता ही दोन्ही एकाच आग्रहात मिसळलेली होती. माधवरावांकडे पाहिले तर पितृभक्ती आणि मत ह्यांच्या ओढाताणीत त्या दिवशी पितृभक्ती वरचढ ठरली. त्यामुळे त्यांचे मत खोटे होते असे सिद्ध होते काय? येथे 'अभ्यास' पाहावा लागतो. लग्न होताच त्यांनी पत्नीस अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. मराठी झाले, पुढे इंग्रजी झाले. आणि १९०१ साली त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, त्यांनी हे व्रत सोडले नाही. 'फल' पाहावे तर, तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून प्रसिद्धीस आली, १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाची धुरा तिने वाहिली, आणि १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहून हे सारे घर आपल्यापुढे उघडे करून ठेविले. अकरा वर्षांच्या मुलीशी झालेल्या त्या विवाहाचे समर्थन कोणी करू नये. मीही करीत नाही. परंतु कृती चुकली असे म्हणणे वेगळे, आणि माणूस ढोंगी होता असे म्हणणे वेगळे. पहिल्यास एक दिवस पुरावा म्हणून पुरतो. दुसऱ्यास सत्तावीस वर्षे पाहावी लागतात.

त्याच घरातील वडीलधाऱ्या बायकांचेही पाहा. रमाबाईंचे शिकणे, विशेषतः इंग्रजी शिकणे व सभांस जाणे, त्यांस मुळीच रुचत नसे. पुण्यास मुलींची मोठी शाळा व्हावी म्हणून भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले (ती शाळा १८८४ साली निघाली), तेव्हा घरी त्यांस पुष्कळ टोचून ऐकावे लागले. आजचा वाचक चटकन म्हणेल, 'मत्सर, दुसरे काय!' मत्सराचा अंश नसेलच असे नाही. परंतु उपपत्ती लावून पाहिली तर ह्या बायकांनी आपले घरातील स्थान कशाने मिळविले होते? सोवळे सांभाळून, पंगती उठवून, वडिलांपुढे मान खाली घालून. नव्या सुनेने पुस्तक हाती घेऊन मोठे होणे म्हणजे ह्यांनी जन्मभर जे जमविले त्याचे मोल एका दिवसात उतरणे. त्यांचा विरोध पुस्तकास जितका होता त्याहून अधिक, आपले आयुष्य व्यर्थ ठरण्यास होता. हे समजले म्हणून त्यांचे टोमणे योग्य ठरत नाहीत. परंतु अशा माणसाशी वागावे कसे हे मात्र समजते. ज्याला आपले मोल उतरेल असे भय आहे त्याच्यापुढे युक्तिवाद करून काही होत नाही. त्याच्या केलेल्या कष्टांची आठवण ठेवून, त्याचा सल्ला विचारून, त्याचा मान राखला तर विरोधाची धार पुष्कळ बोथट होते.

पुण्याच्या घरातून आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता व सरकारी शिक्षणात उर्दूचे प्राबल्य होते. त्या शाळेत १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण गृहस्थ शिकविण्यास आले. मुंबईस ना. म. जोशी ह्यांच्याबरोबर कामगारांचे काम केलेला मनुष्य आडगावच्या शाळेत का येतो, असे कोणासही वाटावे. १९३२ साली त्यांनी संन्यास घेऊन रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. तेव्हा, ह्यांस संसार नको होता, एवढाच अर्थ एखाद्याने काढला असता. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात पडून त्यांनी तुरुंग पत्करला. आणि निजाम सरकारने तर त्या संस्थेचा हेतू जातीय आहे असे ठरवून, ती नीट उभी राहण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घातली.

एकेक कृती सुटी घेतली तर चार निरनिराळे हेतू लावता येतील. परंतु उपक्रम पाहा: १९२० साली लोकमान्यांच्या निधनानंतर, विद्यार्थिदशेतच, आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा त्यांनी संकल्प केला होता. उपसंहार पाहा: सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, त्या लढ्याचे ते अग्रणी होते. कामगारांत काम, खेड्यातील शाळा, भगवी वस्त्रे, तुरुंग, ही एकाच वाक्याची पदे होती. आणि येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. संन्यासी निरिच्छ असतो असे आपण म्हणतो. परंतु इच्छा नष्ट झाली असती तर हा संन्यासी तुरुंगात कशास गेला असता? इच्छा उरली होतीच, फक्त ती स्वतःपुरती उरली नव्हती.

थोरांची उदाहरणे झाली. आता आमच्या वाशी तालुक्यातील, दरवर्षी डोळ्यांपुढे घडणारे एक उदाहरण सांगतो. बालाघाटाच्या ह्या भागात पावसाचा भरवसा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्याने जाऊन भागत नाही. त्यांच्याबरोबर मुलेही जात, आणि वर्गातील बाके ओस पडत. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा एक ठरलेले वाक्य ऐकू येई: 'ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' हे झाले हेतूचे अनुमान. त्यावर उपाय म्हणून पालकांस शिक्षणाचे महत्त्व सांगणारी भाषणे होत, आणि पालक ती मुकाट्याने ऐकून पुढच्या हंगामास मुलांसह गाडीत बसत.

वस्तुतः बापास मुलाचे शिक्षण नको होते असे नाही. मागे राहिलेल्या मुलास दोन वेळा भाकरी कोण घालणार, आणि रात्री त्याच्याजवळ कोण निजणार, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर भाषणात नव्हते. पुढे शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहे काढली, मुलांच्या जेवणाची व राहण्याची सोय झाली, तेव्हा अनेकांनी मुले मागे ठेविली. आजही सर्व मुले थांबतात असे नाही, आणि सोयीही सर्वत्र सारख्या नाहीत. परंतु जे मूल थांबले ते उपदेशाने थांबले नाही. त्याच्या बापाची अडचण कोणीतरी ओळखली म्हणून थांबले. हेतू चुकीचा ओळखला म्हणजे केवळ मन दुखावते असे नव्हे. उपायही चुकतो, आणि त्याचे मोल भलत्यालाच द्यावे लागते.

आता सर्वांत कठीण भाग राहिला, तो स्वतःविषयीचा. दुसऱ्याच्या बाबतीत आपण केवळ 'फल' पाहतो: चहा उशिरा आला, मन दुखावले, म्हणून तिचा हेतूच तो. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण केवळ 'अर्थवाद' वाचतो. 'मी मुलाच्या हितासाठी रागावलो', 'मी घराच्या अब्रूसाठी बोललो', ही स्वतःची स्तुती आपण सिद्धान्त समजून बसतो. वास्तविक आपले मन आपल्यास जवळचे म्हणून अधिक स्पष्ट दिसते, हा भ्रम आहे. डोळ्याला अगदी टेकलेले अक्षर वाचता येत नाही.

म्हणून स्वतःस दोन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा. ही गोष्ट कोणासही कळणार नसती, तर मी केली असती काय? आणि तिचे श्रेय दुसऱ्यास मिळणार असते, तर केली असती काय? दोन्हींचे उत्तर 'होय' आले तर बहुधा हेतू आपण सांगतो तोच आहे. 'नाही' आले तरी खट्टू होण्याचे कारण नाही. मनुष्याचा हेतू नेहमी मिश्र असतो. दानात कीर्तीची इच्छा मिसळलेली असते म्हणून भुकेल्याच्या पोटात गेलेले अन्न वाया जात नाही. फक्त आपल्या हेतूत इतर काही मिसळलेले आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो दुसऱ्याच्या हेतूतील भेसळीवरही थोडी क्षमाबुद्धी दाखवितो.

रानड्यांचीच एक गोष्ट येथे आठवते. १८८६ साली सरकारी कामानिमित्त ते कलकत्त्यास असताना त्यांनी बंगाली शिकण्यास आरंभ केला. आणि हजामतीस आलेल्या न्हाव्याकडून ते अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेत, असे रमाबाईंनी लिहून ठेविले आहे. जेथे आपण आपली प्रतिष्ठा विसरतो तेथे आपली खरी ओढ असते. प्रत्येकाने आपल्या आयुष्यात अशी जागा शोधावी. आणि मुलांकडे पाहताना तर ती विशेष शोधावी. मूल कोणत्या गोष्टीसाठी जेवण विसरते हे ज्या आजीला ठाऊक आहे तिला, ते अभ्यासास का बसत नाही, हेही लवकर कळेल.

व्यवहारात इतकेच करावे: घरात 'मुद्दाम' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्या माणसाचे एक वर्ष डोळ्यांपुढे आणावे. तो एरवी पुनःपुन्हा काय करतो? आपला अर्थ त्याच्या बाकीच्या वागण्याशी बसतो काय? आणि तरीही संशय राहिला तर, ग्रंथकर्त्यास विचारता येत नाही ती गोष्ट माणसाच्या बाबतीत करता येते, ही सवलत विसरू नये: सरळ त्यालाच विचारावे. मात्र 'असे का केलेस?' ह्या शब्दांत नको, त्यात निकाल आधीच लागलेला असतो. 'काही अडचण होती का?' असे विचारावे. धाकटी सून कदाचित एवढेच सांगेल की, पाहुणे बसले तेव्हा दूध नासले होते, आणि घरची अब्रू जाऊ नये म्हणून ती मागील दाराने शेजारी दूध मागावयास गेली होती.

वाशी, जि. धाराशिव