हृदयाला शिदोरी नसते

हृदय हा रक्त ढकलणारा पंप आहे, हे आपण सर्वजण शाळेत शिकतो. पण या पंपाला स्वतःला रक्त कसे मिळते, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेलाच पाहिजे, असे माझे मत आहे. निदान महाड-पोलादपूरच्या शाळांत तरी.

महाड तालुक्यातील तळीयेसारख्या डोंगरउतारावरच्या गावात डोक्यावर भारा घेऊन चढण चढणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. तिच्या पायांचे स्नायू थोडा वेळ प्राणवायूची उधारी चालवून घेतात. हृदयाच्या स्नायूला ती सोय जवळजवळ नाहीच. विश्रांतीतही तो आपल्याकडे आलेल्या रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणून काम वाढले की रक्तच जास्त आणावे लागते. मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर असणारा हा प्रवाह कष्टाच्या वेळी चौपट होऊ शकतो. राबणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारे अ‍ॅडिनोसीनसारखे पदार्थ जवळच्या बारीक रोहिण्या सैल करतात आणि मागणीप्रमाणे पुरवठा होतो.

मात्र हृदय आकुंचन पावते तेव्हा त्याच्या भिंतीतील रोहिण्या दाबल्या जातात. त्यामुळे डाव्या बाजूच्या जाड स्नायूला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातच मिळते. ठोके फार जलद झाले की हा विसावा आखूड होतो.

लाल विंचवाच्या दंशात नेमके हेच घडते. विषामुळे मज्जातंतू चेततात आणि रक्तात अ‍ॅड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. शरीरभरच्या रोहिण्या आवळतात, रक्तदाब चढतो, ठोके वाढतात. हृदयाचे काम वाढते आणि पोषणाचा वेळ घटतो. अखेर ते थकते व फुप्फुसांत पाणी साचते. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रुग्ण पाहिले. पुढे त्यांनी आवळलेल्या रोहिण्या सैल करणारे प्राझोसीन हे रक्तदाबावरील औषध वापरले आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले. चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, असे काही शिक्षक म्हणतील. ते खरेही आहे. पण कप्प्यांची आणि झडपांची नावे पाठ करून घेण्यातला एक तास इकडे वळवता येईल. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची चिन्हे आहेत, हे ज्या मुलाला कळले, ते विंचू उतरवायला भगताकडे जाऊ देणार नाही. दवाखान्याची वाट धरायला लावील. वाडीपासून दवाखाना दूर असतो आणि हृदयापाशी शिदोरी नसते. म्हणून तो तास मोलाचा आहे.