नाट्यशिक्षण की संमेलनाची सजावट?

आमच्या माध्यमिक शाळांत नाटक शिकविले जाते, असे कोणी म्हटल्यास ते आम्हांस मान्य नाही. शाळांत नाटक बसविले जाते; आणि बसविणे व शिकविणे या दोन क्रिया एक नव्हेत. स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की मराठीच्या शिक्षकांवर नाटकाचे काम येऊन पडते. नववीच्या साठ मुलांतून खणखणीत आवाजाची सहा मुले ते निवडतात, त्यांच्याकडून संवाद घोकून घेतात, भाड्याचे अंगरखे आणि मिशा आणवितात, आणि तीन आठवड्यांनी टाळ्यांच्या गजरात हा खटाटोप समाप्त होतो. उरलेली चोपन्न मुले काय शिकली? खुर्च्या मांडावयास शिकली.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाटकाच्या जन्माची कथा आहे. ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नाकारलेला होता त्यांनाही लाभावा असा सर्व वर्णांसाठी पाचवा वेद ब्रह्मदेवाने निर्माण केला, तो नाट्यवेद. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवा. तिच्यातील अभिप्राय पाहा. जी कला सर्वांसाठी म्हणून जन्मास आली, तिच्या दाराशी आम्ही साठांतून सहांनाच आत सोडणारा पहारेकरी उभा केला आहे. गणित ज्याला येत नाही त्याला गणिताच्या तासाला अधिक बसवितात. पण ज्याला चारचौघांत तोंड उघडवत नाही त्याला मात्र नाटकातून प्रथम वगळतात! या न्यायास काय म्हणावे?

त्याच ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेषभूषा आणि अंतःकरणातील भाव, असा त्यांचा सुलभ अर्थ. आमच्या शाळांतील नाटक आहार्यापासून सुरू होते, वाचिकाच्या पाठांतरापाशी थांबते, आणि उरलेल्या दोहोंची तेथे कोणास आठवणही होत नाही. मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी चालेल, परंतु तो घालणाऱ्या मुलाला राजा कसा चालतो हे एकदाही शोधू न देता त्याच्या मस्तकावर मुकुट ठेवणे म्हणजे खुंटीला पागोटे घालणे होय.

मग पहिल्या वर्षी करावे तरी काय? आमचे उत्तर सरळ आहे : पहिले वर्षभर प्रयोग करूच नये. आठवड्यातून एक तास द्यावा, बाके भिंतीला सारावीत आणि सर्व मुलांना उभे करावे. रिकामी घागर आणि भरलेली घागर नेताना पाठीचा कणा कसा बदलतो, हे हातात घागर नसताना दाखवावयास सांगावे. ‘दार उघड’ हे दोनच शब्द द्यावेत. तेच तहानलेल्या वाटसरूने, झडतीला आलेल्या शिपायाने आणि रागावून घर सोडलेल्या व पश्चात्तापाने परतलेल्या मुलाने म्हणावेत. त्यासाठी ना पडदा लागतो, ना निधी.

आम्ही काही काळ कोकणातील एका शाळेत हे करून पाहिले आहे. वर्गात एक मुलगा होता. ‘उच्चार अशुद्ध’ म्हणून संमेलनाच्या नाटकातून त्याला दोनदा परत पाठविलेले. परतलेल्या मुलाची पाळी त्याच्यावर आली तेव्हा तो बराच वेळ भिंतीकडे पाहत उभा राहिला, आणि मग हळूच आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, “आये, दार उघड गो.” आरंभी दोघेतिघे हसले; पण लगेच सारा वर्ग स्तब्ध झाला. जे शब्द इतर मुले नुसतीच उच्चारीत होती, ते तो खरोखर कोणाला तरी उद्देशून बोलला होता. त्याच्या ‘अशुद्ध’ बोलीत, म्हणजे मालवणीत, गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हजारो प्रयोगांनी रंगभूमी गाजवून गेले. ते नाटकही एका गावातील हौशी मंडळींनी नाटक करण्याविषयीचेच! रंगभूमी ज्या वाणीला डोक्यावर घेते तिला शाळा दाराबाहेर ठेवते, याचा खेद कोणास आहे?

आक्षेप ठाऊक आहेत. प्रेक्षकांवाचून नाटक कसले, असे विचारतात. वर्गातील बाकीची मुले प्रेक्षकच आहेत. आणि दुसऱ्याचे बोलणे मन लावून ऐकणे हा नाटकाचा अर्धा धडा ती तेथेच शिकतात. लिखित संवादांवाचून भाषा कशी सुधारेल, असेही म्हणतात. त्यांनी १८४३ साल आठवावे. त्या वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेत पदे सूत्रधार म्हणे आणि भाषणे पात्रे प्रसंग ओळखून स्वतः रचीत. आज शतकभराहून अधिक काळ अभिमानाने मिरविली जाणारी मराठी रंगभूमी उत्स्फूर्त बोलण्यातूनच उभी राहिली. पाठांतर मागाहून आले. आणि वेळ नाही, हा आक्षेप तर सर्वांत दुबळा. अभ्यासक्रमातील विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत असू नये, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच म्हणते. धोरण कागदावर आहे. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हाती आहे.

संमेलने बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. वर्षभर तास झाल्यावर मुलांनी आपण होऊन प्रयोग मागितला, तर अवश्य करावा. तो त्या शिक्षणाचे फळ ठरेल. आज मात्र आम्ही झाड न लावताच बाजारातून फळे आणून फांद्यांना बांधीत आहोत. संमेलनाची रात्र सरली की फळे उतरतात, अंगरखे परत जातात, आणि ती चोपन्न मुले न बोलताच शाळा सोडून जातात. उद्या सभेत, कचेरीत, न्यायासनापुढे त्यांना बोलावे लागेल तेव्हा त्यांचे संवाद कोण लिहून देणार आहे?