शेतकऱ्यांचे नोह

पारंपरिक कला जगवायची म्हटले की आपल्याला आधी सरकारी अनुदान आठवते. मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. जपानमधील यामागाता प्रांतातल्या कुरोकावाविषयी वाचले आणि ते मत डळमळले.

कुरोकावा हा भातशेतीचा मुलूख. तेथील शेतकरी सुमारे ५०० वर्षे गावच्या कासुगा देवस्थानासाठी नोह हे मुखवट्यांचे संगीतनाट्य करीत आले आहेत. नट, गायक, वादक सारे गावचेच. १ फेब्रुवारीला बाहेर बर्फ साचलेले असते आणि आत रात्रभर खेळ रंगतो. आरंभ होतो तो एका लहान मुलाच्या पावलांनी. पाहुणचाराला असते काड्यांना टोचून विस्तवावर भाजलेले टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर.

१९७६ मध्ये सरकारने या कलेला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा दिला. तो हवाच होता. परंतु सरकारी दर्जा काही भात लावीत नाही की रात्रभर जागत नाही. तरुण मुले शहरात गेली, शेते ओस पडली, तर मुखवटे संग्रहालयात उरतील. नोह उरणार नाही.

म्हणून कलेला आधार द्यायचा तर तिच्यामागची शेती, साधे अन्न आणि घराघरांतली तालीमही सांभाळावी लागेल. याची परतफेडही होते. ज्या गावात नातवाला आणि आजोबांना एकाच रंगमंचावर काम आहे, तेथे म्हातारपण एकाकी राहत नाही. निरोगी जगणे याहून वेगळे ते काय असते?