संगणक उघडता आलाच पाहिजे

शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालयांसाठी डेस्कटॉप घेताना निविदेत एक अट असलीच पाहिजे: रॅम आणि डिस्क बदलता यावी, मदरबोर्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) प्रमाणित मापाचे असावेत आणि किमान एक पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (जादा कार्ड बसवण्याची खाच) मोकळा असावा. लोकांच्या पैशाने घेतलेले यंत्र किती वर्षे चालेल, हे या अटीवर ठरते.

यामागे चार दशकांचा अनुभव आहे. आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पीसी आणला, तेव्हा त्यात पाच स्लॉट होते. पडद्यावर अक्षरे उमटवायलाही वेगळे कार्ड लागे. कंपनीने सर्किटच्या आकृत्यांसह तांत्रिक पुस्तिका उपलब्ध करून दिली, त्यामुळे इतरांनाही कार्डे बनवता आली आणि स्पर्धा वाढली. १९८७ मध्ये त्याच आयबीएमने मायक्रो चॅनेल ही रचना आणली. ती अधिक वेगवान होती, पण जुनी कार्डे तीत बसत नव्हती आणि इतरांना परवाना शुल्क मोजावे लागणार होते. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी जुनी कार्डे चालतील असा पर्याय जाहीर केला. मायक्रो चॅनेल बाजारात रुजले नाही. सरस तंत्रापेक्षा खुले आणि जुन्याला सामावून घेणारे तंत्र टिकले. आजच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्येही तोच गुण आहे. छोटे कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये चालते आणि जुने कार्ड नव्या बोर्डवर लावले, तर दोघांना झेपेल तो वेग आपोआप ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा की आवाज, चित्र, नेटवर्क हे सारे आता मदरबोर्डवरच असते, मग रिकामा स्लॉट कशाला? नेमके म्हणूनच तो हवा. पावसाळ्यात वीज कडाडली आणि केबलमधून आलेल्या लोटाने लॅन पोर्ट जळाले, तर स्लॉट असलेल्या संगणकात साधे लॅन कार्ड बसवून काम भागते. स्लॉट नसेल, तर बोर्डच बदलायची वेळ येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोर्डवर सोल्डर केलेली रॅम वीज कमी खाते आणि वेगही देते. हे खरे आहे, पण दाखले छापणाऱ्या यंत्राला त्या वेगाची गरज नसते. शिवाय मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने २०२३ मध्ये कॅम-२ हे मानक प्रसिद्ध केल्यापासून तशी कमी वीज खाणारी रॅमही काढता-घालता येण्याजोगी झाली आहे.

तिसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, तिथे रॅम वाढवून उपयोग नाही. पण बोर्ड प्रमाणित मापाचा असेल, तर बोर्ड, प्रोसेसर आणि लागलीच तर रॅम बदलून कॅबिनेट, एसएमपीएस आणि डिस्क वापरात ठेवता येते. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत उत्पादकावर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. ते आवश्यकच आहे. मात्र चालू शकणारे यंत्र भंगारात जाऊ न देणे ही त्याआधीची जबाबदारी आहे आणि ती खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांची आहे.