खिडकी बंद झाली की बट्टा सुरू होतो

नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सही करून दिलेले वचन नंदुरबारच्या धडगावात आणि मुंबईच्या दादरमध्ये एकच असते. ते वचन वसूल करण्याची सोय मात्र दोन्हीकडे सारखी नसते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कागदी पैशाकडे पाहताना हा फरक विसरता येत नाही. 1861 च्या कागदी चलन कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा हक्क संपवून तो सरकारकडे घेतला, पण त्या सरकारी नोटाही देशभर सारख्या चालत नव्हत्या. देशाची ‘सर्कल’ पाडलेली होती आणि ज्या सर्कलची नोट, त्याच सर्कलमध्ये ती कायदेशीर. खानदेश मुंबई सर्कलमध्ये मोडत असे. नंदुरबार-तळोद्याच्या बाजारात कुणाच्या हाती नोट आलीच, तर तिचे चांदीचे रुपये हक्काने मिळण्याची जागा शेकडो मैल दूर मुंबईत होती. जवळ होता तो सावकार, आणि तो फुकट नोट मोडून देत नसे. नवापूरच्या पलीकडे बडोदे संस्थानात तर बाबाशाही रुपया वेगळ्याच भावाने चाले. अंतराची किंमत बट्ट्याच्या रूपाने भरायची आणि ती गरजवंतानेच भरायची, हा त्या काळचा व्यवहार होता.

हे चित्र बदलले ते दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही जवळपास एकाच सुमारास घडल्या. पाच रुपयांची नोट 1903 मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली, दहा आणि पन्नासच्या नोटा 1910 मध्ये, शंभराची 1911 मध्ये. त्याच दशकात, 1904 मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि 1911 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत सहकाराची मध्यवर्ती बँक उभी राहिली. पुढे तालुक्याच्या गावात जिल्हा बँकेची शाखा आणि खेड्यात विविध कार्यकारी सोसायटी अशी साखळी तयार झाली. कायद्याने नोट सर्वत्र चालती केली खरी. पण ती वटवण्यासाठी सावकाराचा उंबरठा चढावा लागू नये, ही सोय पुष्कळ अंशी या साखळीने केली. सहकाराच्या इतिहासात कर्जाची चर्चा खूप होते, या कामाची फारशी होत नाही.

म्हणूनच 14 नोव्हेंबर 2016 चा निर्णय मला नोटाबंदीतला सर्वांत चुकीचा निर्णय वाटतो. 8 नोव्हेंबरच्या रात्री चलनातल्या सुमारे 86 टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर सहाव्या दिवशी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या नोटा बदलून देण्यास आणि खात्यात जमा करून घेण्यास मनाई झाली. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला, तरी त्याची जिल्हा बँक आजही धुळ्याशी जोडलेलीच, मुख्यालयही धुळ्यातच. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास 70 टक्के लोक आदिवासी. नोव्हेंबर म्हणजे नंदुरबार बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या आवकेचे दिवस, रब्बीच्या पेरणीचे दिवस, आणि सातपुड्यातल्या कुटुंबांनी ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरण्याचे दिवस. ज्याचे खाते फक्त जिल्हा बँकेत, त्याने रद्द झालेली नोट घेऊन जायचे कुठे? एक तर भाडे मोडून दूरच्या राष्ट्रीयीकृत बँकेची रांग, नाही तर पाचशेची नोट चारशेला घेणारा माणूस. देशभर असे सौदे झाल्याच्या बातम्या त्या दिवसांत आल्या होत्या. शतकापूर्वीचा बट्टा असा परत आला. बट्टाही परवडत नसेल, तर बाकी उरते मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ घेतलेली रक्कम. दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीत ती अनेकदा दीडपटीने फेडून घेतली जाते.

या निर्णयाच्या बाजूने सांगितले जाते की जिल्हा बँका राजकारण्यांच्या ताब्यात आहेत आणि तिथून काळा पैसा पांढरा झाला असता. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँकांवर 2012 मध्ये ठेवी घेण्यास बंदी आली, ती त्यांच्या कारभारामुळेच. पण संशयावरचा उपाय तपासणी हा होता आणि ती शक्यही होती. 10 ते 14 नोव्हेंबर या दिवसांत राज्यातल्या 31 जिल्हा बँकांनी घेतलेल्या सुमारे 2,770 कोटींच्या जुन्या नोटा अनेक महिने तिजोऱ्यांत अडकून पडल्या. नाबार्डने खातेदारांची छाननी केली आणि जून 2017 मध्ये केंद्राने त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा दिली. म्हणजे जे काम नंतर झाले, ते सुरुवातीलाच करता आले असते. शिवाय 2018 च्या अहवालात रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की रद्द झालेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी परत आले. जिल्हा बँकांची दारे लावून काळा पैसा अडला, असे या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे: आता मोबाइलवर पैसे जातात, शाखांची चिंता कशाला? देशातले पहिले आधार कार्ड याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी दिले गेले, हे अभिमानाने सांगितले जाते. आधारमुळे अनुदान थेट खात्यात येते, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारायचे कारण नाही. तरी खात्यात आलेला पैसा आठवडे बाजारात मीठ-तेल घेण्यासाठी हातात यावा लागतो, आणि त्यासाठी नेटवर्क, अंगठ्याचा उमटणारा ठसा व रोकड ठेवणारा माणूस या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हजर लागतात. 2020 मध्ये राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी चार हजारांचे खावटी अनुदान मंजूर केले, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांच्या वस्तू. वस्तू दारात पोहोचवाव्यात असे सरकारलाच वाटले. मग रोख दोन हजार काढायला माणसाने किती कोस जावे, याचाही विचार तितक्याच आपुलकीने व्हायला हवा.

नंदुरबारला स्वतंत्र जिल्हा बँक हवी का, हा वेगळा प्रश्न आहे. छोटी आणि अशक्त बँक वेगळी काढून ठेवीदारांचे भले होईलच असे नाही. त्याआधी करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या सहकारी शाखांना रोकड पुरवठ्यात इतर बँकांच्या बरोबरीचा हिस्सा मिळावा. आणि पुढे कधी एखादी नोट मागे घ्यायची वेळ आली, तर परवानाधारक जिल्हा बँकेच्या शाखेत ती तपासणीच्या अटींसह पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जमा करता येईल, हे रिझर्व्ह बँकेने आत्ताच नियमात लिहून ठेवावे.