पाणी कुठं मुरतं?

घरी कुटलेलं उटणं कोरड्या डब्यात वर्षभर जसंच्या तसं राहतं आणि घरीच काढलेला कोरफडीचा गर चार दिवसांत आंबतो. दोन्ही नैसर्गिक, दोन्ही आपल्याच हातचे. फरक पाण्याचा. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. उटण्यात ते नाही आणि गरात जवळजवळ तेच आहे. बाजारातल्या क्रीममध्ये पाणी असतं म्हणून तर ती टिकवण्यासाठी रसायनं घालावी लागतात. आपण गुलाबपाणी, कोरफड आणि बदामतेल एकत्र घोटतो, ‘यात काही रसायन नाही’ म्हणून समाधानानं बरणीत भरतो आणि ती बरणी रोज ओल्या बोटांनी उघडतो. तिच्यात काय वाढतं आहे ते दिसत नाही, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, घरी काहीही करायला घेताना ‘हे नैसर्गिक आहे का’ हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी विचारावं की यात पाणी किती आहे आणि ते जाणार कुठं. अंगाला लावायच्या वस्तूंना हे जितकं लागू, तितकंच गच्चीतल्या कुंडीलाही. कुंडीतली झाडं तहानेनं मरतात त्याहून जास्त, रोज प्रेमानं घातलेल्या पाण्यानं मरतात.

हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते वेंगुर्ल्याला, मावशीच्या मागच्या पडवीत. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. साली सोलांसाठी जातात, रसाचं आगळ होतं आणि उरतात बिया. शहरात कोकम विकत आणणाऱ्या माणसाला या बिया कधी दिसतही नाहीत. मावशी त्या खसाखसा धुते, उन्हात खडखडीत वाळवते, फोडून टरफलं पाखडते आणि आतला गर वायनात, म्हणजे उखळात, कुटते. मग ते पीठ मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर चढतं. उकळी आली की तेल सुटून वर येतं. रात्रभर टोप तसाच निवत ठेवला की सकाळी पाण्यावर पांढुरका, जाडसर थर गोठलेला असतो.

मला वाटायचं, इथं काम संपलं. ते तिथं संपत नाही. तो थर उचलून कढईत पुन्हा मंद जाळावर ठेवायचा. मावशी कढईजवळ कान नेऊन बसते. सुरुवातीला तडतड मोठी असते, मग विरळ होते, मग अधूनमधून एखादाच आवाज. “जाळ वाढवू नको गो बाय,” ती म्हणते, “घाई करू नको.” आवाज पूर्ण थांबला की कढई खाली. तडतड होते ती तेलात अडकलेल्या पाण्याची. ती थांबली म्हणजे शेवटचा थेंबही उडाला. मग अर्धवट निवलेलं तेल मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. तेच मुठेल. बोटांचे ठसे उमटलेले हे गोळे फडताळात पुढच्या मोसमापर्यंत सुखानं राहतात आणि पावसाळ्यात टाचांना भेगा पडल्या, हिवाळ्यात ओठ फुटले की बाहेर येतात. गोव्यातही कोकमाचं तेल याच कामासाठी घरोघर ठेवत.

कोकमाच्या तेलाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते वितळतं ४० अंशांच्या आसपास. त्यामुळे कोकणातल्या दमट उन्हाळ्यातही गोळा गोळाच राहतो. टाचेला लावताना थोडं गरम करून पातळ करावं लागतं. लावलं की ते लगेच ओघळत नाही, भेगेत जाऊन बसतं आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच पाय कोमट पाण्यात भिजवून, नुसते टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच ते लावायचं. कोरड्याठाक टाचेवर कितीही तेल चोळलं तरी ते कोरडेपणच आत कोंडून ठेवेल. पाणी त्वचेत हवं, बरणीत नको. माझ्या मते घरगुती त्वचानिगेचा निम्मा भाग एवढ्यात आला.

ज्यांना मुठेल मिळत नाही त्यांनी मेणाचं मलम करावं. एक भाग मधमाश्यांचं मेण, चार भाग तेल, वजनानं. महाबळेश्वर भागात मध काढणाऱ्यांकडे चांगलं मेण मिळतं. मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात छोटं भांडं धरायचं आणि मेण त्यात वितळवायचं. थेट आचेवर ठेवू नये, मेण पेट घेऊ शकतं. खोबरेल वापरत असाल तर ऋतू बघा. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून पुण्या-नाशकाला डिसेंबरात मलम दगडासारखं होतं आणि मे महिन्यात अगदी मऊ पडतं. उन्हाळ्यात मेण जरा वाढवायचं, थंडीत कमी करायचं किंवा थोडं तिळाचं तेल मिसळायचं. डबी पूर्ण कोरडी हवी. धुऊन नुसती पुसली तर झाकणाच्या आट्यांत पाणी राहतं; उन्हात उपडी ठेवा. अशा मलमाला बुरशी येत नाही, फार झालं तर काही महिन्यांनी खवट वास येतो. तो आला की टाकून द्यायचं.

कोरफडीचं मात्र असं काही करू नये. ती रोजची रोज, लागेल तेवढीच. पान कापलं की बुडाशी पिवळा चीक येतो. त्यानं अनेकांना खाज सुटते. कापलेलं पान पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवलं की चीक निथळून जातो. मग साल काढून गर पाण्याखाली धुवायचा आणि लावायचा. उरलेलं पान फ्रिजमध्ये, पण गर काढून बरणीत नाही. झाड दारात असताना साठवायचं कशाला? पान झाडावर असेतो ताजं राहतं.

आता गच्चीकडे येऊ. कुंडीच्या तळाला खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, हे आपण सगळे वर्षानुवर्षं ऐकत आलो. तसं होत नाही. बारीक मातीतून भरड खडीत पाणी सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्याच मातीत अडकून राहतं, आणि खडीनं जागा खाल्ल्यामुळे मुळांच्या आणखी जवळ येतं. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. निचरा हवा असेल तर मातीच मोकळी करा. कुजलेला पाला आणि नारळाचा भुसा मिसळलेली माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा.

पाणी घालण्यासाठी मला मडक्याइतकी शहाणी वस्तू दुसरी माहीत नाही. मराठवाड्यात शेतकरी नवी कलमं जगवायला रोपाशेजारी मडकं पुरतात. तेच गच्चीवर करता येतं. कुंभाराकडून बिनझिलईचं, साधं, भाजलेलं मडकं आणायचं. घरी आणल्यावर आधी पाण्यानं भरून ठेवा. तासा-दोन तासांत बाहेरून घामेजलं तर चांगलं, कोरडंच राहिलं तर ते या कामाचं नाही. मग अर्ध्या ड्रमच्या मधोमध ते गळ्यापर्यंत पुरायचं, तोंड तेवढं वर. भोवती वीतभर अंतरावर मिरची, टोमॅटो, वांगी. मडक्यात पाणी भरायचं आणि वर झाकण. झाकण विसरू नका. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

पुढचं काम माती करते. कोरडी झाली की मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. पावसाळी ढगाळ दिवसात मडकं भरलेलं राहतं, उन्हाच्या तडाख्यात भराभर उतरतं. झाडाला किती पाणी लागतं याचा अंदाज आपण वरून बघून बांधतो तो बहुतेक वेळा चुकतो, कारण वरची माती सुकलेली दिसते आणि खाली चिखल असतो. इथं अंदाजाची गरजच उरत नाही. मडक्यात बोट घालून पातळी बघा, वहीत टिपून ठेवा. प्रा. श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे. त्यांच्या प्रयोग परिवारानं शेतकऱ्यांना हीच सवय लावली होती, की मोजा, लिहा आणि शेजारच्याला सांगा. गच्चीतल्या चार कुंड्यांनाही ती तितकीच उपयोगी आहे. बोअरचं जड पाणी असेल तर वर्षभरात क्षारांनी मडक्याची छिद्रं बुजतात. मडकं उपसून काथ्यानं घासायचं, आत थोडं व्हिनेगर फिरवून धुवायचं. तरीही झिरपेना तर नवं आणायचं.

फवारणीच्या आणि खताच्या पातळ द्रवांनाही सुरुवातीचाच नियम, पाणी असलेलं टिकत नाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत घरच्या बादलीच्या मापानं करायचं तर १० लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर जिवंत माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून काठीनं ढवळत राहायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. इथं जिवाणू वाढायला हवेतच, पण तेही थोड्या दिवसांचे पाहुणे. पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्या पडू लागतात. त्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की ५० ग्रॅम भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचे चार थेंब टाकायचे आणि संध्याकाळी फवारायचं, कारण निंबोळीतला गुणकारी भाग उन्हात लवकर नाहीसा होतो. निंबोळी वर्षभर टिकते, अर्क त्याच दिवशी वापरायचा.

पुन्हा अंगाला लावायच्या वस्तूंकडे. त्यांतल्या दोन गोष्टींबद्दल मी स्पष्टच बोलेन, कारण त्यांच्यामुळे माणसांचे चेहरे खराब झालेले मी पाहिले आहेत. पहिलं लिंबू. डाग जावेत म्हणून लिंबाची फोड चेहऱ्यावर घासण्याचा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्यात काही धोका असेल असं कुणाला वाटतच नाही. निरोगी त्वचा जरा आम्ल असते, पण लिंबाचा रस तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र आम्ल. त्यातही कागदी लिंबाच्या सालीत असे घटक आहेत की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. ज्या डागांसाठी लिंबू लावलं त्याहून ते डाग जास्त दिवस टिकतात. लिंबू सरबतात घाला. दुसरी बावची. उटण्याच्या काही याद्यांत ती असते. हीच बावची कोडावरच्या औषधात वापरतात, कारण ती त्वचेला उन्हाबाबत हळवी करते. ते वैद्यांच्या देखरेखीखाली करायचं काम. दिवाळीच्या सकाळी सगळ्या घराला, लहान मुलांनाही लावायच्या उटण्यात तिचं काही काम नाही. आणि नवं काहीही असो, अगदी चंदनसुद्धा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट पाहायची.

बावची वगळून माझं उटणं असं: काष्ठौषधीच्या दुकानातून वाळा, नागरमोथा, गावला कचोरा आणि थोडं चंदन, घरच्या गावठी गुलाबाच्या सावलीत वाळवलेल्या पाकळ्या, संत्र्याची वाळलेली साल, मुलतानी माती, आणि आंबेहळद. सगळं वेगवेगळं कुटून वस्त्रगाळ करायचं, मग मिसळायचं. वाळा चिवट असतो, तो आधी कात्रीनं बारीक कापून घ्यावा. मसुराचं पीठ साठवणीच्या डब्यात घालू नका, त्याला किडे लागतात. आंघोळीच्या वेळी चमचाभर मिसळायचं. तेल लावून झाल्यावर उटणं दुधात किंवा नुसत्या पाण्यात वाटीभर कालवायचं आणि ती वाटी संपवायची. उरलेलं ओलं उटणं पुन्हा डब्यात जाता कामा नये.

यातली आंबेहळद विकत आणू नका, लावा. लावायचा हंगाम पहिल्या पावसाच्या आधीचा. आठवडी बाजारात डोळे फुटलेले गड्डे मिळतात. वीतभर खोल, रुंद तोंडाची कुंडी किंवा सिमेंटची रिकामी गोणी घ्या, डोळा वर ठेवून चार बोटं मातीखाली गड्डा पुरा आणि पहिला पाऊस होईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. पावसाळ्यात गोणीच्या बुडाला भोकं मोकळी आहेत ना ते बघत राहा, पाणी साचलं तर गड्डा सडतो. अर्धवट सावली तिला चालते. गणपतीपर्यंत पानं कमरेएवढी होतात. जानेवारी-फेब्रुवारीत ती पिवळी पडून वाळली की पाणी तोडायचं आणि पंधरा दिवसांनी गोणी उपडी करायची. कैरीसारखा वास येतो. पुढच्या वर्षासाठी दोन चांगले गड्डे वाळूत ठेवून बाकीच्यांच्या पातळ चकत्या करायच्या आणि सावलीत सुकवायच्या, रोज एकदा उलटून. वाकवली की चकती लवते तोवर तिच्यात पाणी आहे. कट्कन मोडली की दळायला घ्यायची.