डब्यातील प्रथिने आणि ताटातील प्रथिने



व्यायामशाळेत जाऊ लागलेला मुलगा, आजारातून उठलेल्या आजी आणि गरोदर सून या तिघांसाठीही हल्ली घरात एकच वस्तू आणली जाते, ती म्हणजे प्रोटीन पावडरचा डबा. ‘शुद्ध’, ‘वनस्पतिजन्य’, ‘सेंद्रिय’ ही त्यावरील अक्षरे वाचून आपण निर्धास्त होतो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक या जड धातूंचा उल्लेख मात्र त्या डब्यावर सहसा नसतो. आज त्यांचाच विचार करू.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकसंस्थेने २०१० मध्ये १५ प्रथिनपेये तपासली, तेव्हाच त्यांत हे धातू आढळले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने पुन्हा २३ पावडरी व पेये तपासली. त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक उत्पादनांच्या एकाच मात्रेत, संस्थेने संपूर्ण दिवसासाठी मानलेल्या ०.५ मायक्रोग्रॅम या पातळीहून जास्त शिसे होते. वनस्पतिजन्य उत्पादनांतील शिसे दुग्धजन्य उत्पादनांच्या सरासरी नऊपट होते. आपल्याकडे केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला ३६ पावडरींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा खरा ठरला नाही. कित्येक नमुन्यांत जड धातूंचे अंश मिळाले आणि काहींत बुरशीजन्य विषही सापडले.

हे धातू कोणी मुद्दाम मिसळतो असे सहसा नसते. ते जमिनीतून येतात. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. परंतु धुरातून मातीत उतरलेले शिसे तेथेच राहिले. कॅडमियम फॉस्फेट खतांबरोबर शेतात येते, तर भाताचे पीक साचलेल्या पाण्यातून आर्सेनिक शोषते. पिकाच्या मुळांवाटे हे धातू दाण्यात पोहोचतात. वाटाण्यापासून केलेल्या पावडरीच्या एका मात्रेत सुमारे शंभर ग्रॅम सुक्या वाटाण्यांचे प्रथिन एकवटलेले असते, आणि त्यासोबत धातूही येऊ शकतात. कोकोमध्ये कॅडमियम व शिसे असू शकत असल्याने चॉकलेटच्या स्वादाची पावडर त्यात आणखी भर घालते. ‘सेंद्रिय’ हा शब्द खते व कीटकनाशके यांविषयी सांगतो. मातीत आधीपासून असलेल्या धातूंची हमी तो देत नाही.

याचा अर्थ एक पेला प्यायल्याने विषबाधा होते, असा मुळीच नव्हे. वरील ०.५ मायक्रोग्रॅमची पातळी अतिशय कडक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आहारातील शिशासाठी मुलांकरिता दिवसाला २.२ आणि अपत्यधारणेच्या वयातील स्त्रियांकरिता ८.८ मायक्रोग्रॅम हे संदर्भमान धरले आहे. चिंता आहे ती एकाच पावडरीच्या रोजच्या, वर्षानुवर्षांच्या सेवनाची. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे टिकून राहते. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचू शकते. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या चार ते पाच पट शोषून घेते, आणि त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून मुले व गरोदर स्त्रिया यांना अशी पावडर आपल्या मनाने देऊ नये.

मग प्रथिने कोठून मिळवावीत? निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज सुमारे ५० ग्रॅम भरते. आता ताटाचा हिशेब पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून १० ग्रॅम, तीस ग्रॅम डाळीच्या आमटीतून ७, तेवढ्याच मटकीच्या उसळीतून ७, पेलाभर दुधातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, तीस ग्रॅम फुटाण्यांतून ६, वाटीभर दह्यातून ४ आणि थोड्या भातातून ४ ग्रॅम. बेरीज ५१ होते. अंडे खाणाऱ्यांनी त्यात आणखी ६ ग्रॅम धरावेत.

या अन्नातही धातूंचे सूक्ष्म अंश असतात. मात्र रोज धान्य, कडधान्य, भाजी बदलत राहिल्यास कोणत्याही एका शेताचा दोष फारसा साठत नाही. तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात शिजवावा व ते पाणी वेळून टाकावे. काही जीवनसत्त्वे त्याबरोबर जातात, पण आर्सेनिक बरेच घटते. मासे खाणाऱ्यांनी मुशीसारख्या शिकारी माशांऐवजी तारली, बांगडा निवडावा. लहान माशांत पारा कमी साठतो. लोह व कॅल्शियम यांची उणीव असल्यास शरीर शिसे अधिक शोषते, म्हणून पालेभाज्या, नाचणी व तीळ आहारात ठेवावेत.

वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरांनीच पावडर सांगितली असेल, तर ती परस्पर बंद करू नका. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. विकत घेताना उत्पादकाकडे त्या विशिष्ट बॅचचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा धातूचाचणी अहवाल मागावा. डब्यावरील परवाना क्रमांक म्हणजे असा अहवाल नव्हे. अहवालात शिसे ०.१ पीपीएम लिहिले असेल, तर तीस ग्रॅमच्या मात्रेतून ३ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते, एवढा हिशेब ध्यानात ठेवावा. उत्पादक अहवाल देत नसेल, तर तो डबा दुकानातच राहू द्यावा आणि त्या पैशांत महिन्याची मटकी, हरभरे व शेंगदाणे भरावेत.